पशुपालकांचे प्रश्न : जनावरांची वाहतूक आणि बदलते नियम

जनावरांच्या वाहतुकीचे नियम कडक होणार, दंड वाढणार, साधी गाडी चालणार नाही, अशा चर्चेमुळे गेल्या काही महिन्यांत या सदराकडे बरीच पत्रे आली. त्यांतील सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून येथे उत्तरे देत आहोत. जे आजच लागू आहे ते आणि जे केवळ प्रस्तावित आहे ते, या दोन्हींची गल्लत बहुतेक पत्रांत झालेली दिसते. म्हणून प्रत्येक उत्तरात हा भेद स्पष्ट ठेवला आहे.

प्रश्न : मी सांगोला तालुक्यातील दूध उत्पादक आहे. हरियाणातून चार मुऱ्हा म्हशी आणायच्या आहेत. दलाल म्हणतो की बारा म्हशींचा ट्रक भरला तरच भाडे परवडते, म्हणून आणखी दोन शेतकरी जोडून घ्या. दुसरीकडे, एका ट्रकमध्ये सहाच जनावरे नेता येतील असा नवा नियम येणार असल्याचे ऐकतो. हे खरे असेल तर आमच्यासारख्यांनी म्हशी आणायच्या कशा?

उत्तर : सहा जनावरांचा नियम येणार नसून तो १९७८ पासून आहे. प्राणी वाहतूक नियम, १९७८ नुसार एका मालवाहू गाडीत सहापेक्षा जास्त गुरे नेता येत नाहीत, प्रत्येक गाडीत जनावरांची देखभाल करणारा एक माणूस असावा लागतो, हौद्याच्या तळावर पाय घसरणार नाही असे काथ्याचे किंवा लाकडी आवरण लागते, आणि जनावरे प्रवासास योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला जवळ ठेवावा लागतो. त्यानंतर केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०१५ मध्ये दुरुस्ती होऊन १ जानेवारी २०१६ पासून जनावरांच्या गाडीत कायमस्वरूपी कप्पे असावेत, तिची आरटीओकडे तशी विशेष नोंद असावी आणि त्या गाडीतून दुसरा माल वाहू नये, अशी तरतूद झाली. गाय किंवा म्हैस यांना प्रत्येकी २ चौरस मीटर, शेळी-मेंढीला ०.३ चौरस मीटर, डुकराला ०.६ चौरस मीटर आणि घोड्याला २.२५ चौरस मीटर जागा त्यात ठरवून दिली आहे. तुमच्या दलालाचा बारा म्हशींचा हिशेब आजच्या नियमांतही बसत नाही. आजवर तो खपून गेला, एवढेच.

आता परवडण्याचा प्रश्न, जो तुमच्या पत्राचा खरा गाभा आहे. समजा ट्रकचे भाडे ९०,००० रुपये ठरले. बारा म्हशी भरल्या तर दर म्हशीमागे ७,५०० रुपये पडतात आणि सहा भरल्या तर १५,००० रुपये. हा वाढीव ७,५०० रुपयांचा बोजा खोटा नाही आणि तो उचलणारा शेतकरीच असतो, कारण दलाल तो किमतीत मिळवतो आणि ट्रकमालक भाड्यात. परंतु हिशेबाची दुसरी बाजूही मांडून पाहावी. दीड हजार किलोमीटरहून अधिक अंतर, दोन ते तीन दिवस, दाटीवाटीने उभ्या असलेल्या दुभत्या म्हशी. त्यांना बसता येत नाही, एखादी बसली तर उठता येत नाही आणि शेजारची तिच्या सडावर पाय देते. धारा वेळेवर न काढल्याने कास तटते आणि कासदाहाची सुरुवात गाडीतच होते. अशी म्हैस तुमच्या गोठ्यात उतरल्यावर पूर्वीच्या दुधावर यायला फार वेळ लावते, काही वेळा त्या वेतात येतच नाही. तिने दिवसाला तीन लिटर दूध कमी दिले आणि लिटरला ५० रुपये दर धरला, तर रोजचे १५० रुपये, म्हणजे पन्नास दिवसांत ७,५०० रुपये गेले. भाड्यात वाचवलेली रक्कम दुधात गेली, आणि सड निकामी झाला असेल तर नुकसान त्याहून कितीतरी मोठे आहे.

म्हणून आमचा सल्ला असा की दोन शेतकरी अवश्य जोडून घ्या, पण बारासाठी नव्हे, तर तुमच्या चार आणि त्यांच्या दोन अशा सहा म्हशींसाठी. ट्रक ठरवताना हौद्याची लांबी-रुंदी स्वतः टेपने मोजा. वीस फूट लांब आणि सात फूट रुंद हौदा सुमारे १३ चौरस मीटरचा होतो, त्यात सहा म्हशी नियमाने बसतात. लहान पिकअपचा हौदा साधारण साडेचार-पाच चौरस मीटरचा असतो. त्यात दोनच मोठी जनावरे न्यावीत, आणि तीही जवळच्या अंतरावर. खरेदी शक्यतो दिवाळीनंतर करा. म्हशीची कातडी काळी आणि घामाच्या ग्रंथी कमी असल्याने बंद हौद्यातील उष्णता तिला गाईपेक्षा लवकर बाधते. उन्हाळ्यात दुभती म्हैस दिवसाला साठ-सत्तर लिटर पाणी पिते; ट्रकवरच्या दोन कॅनने तिची तहान भागत नाही, हे ठरलेल्या मुक्कामांची आखणी करताना लक्षात घ्या. आठ-दहा तासांनी जनावरे खाली उतरवून, पाणी पाजून, धारा काढून मगच पुढे निघावे. त्यासाठी फाळका उघडल्यावर लावायचा रुंद, आडव्या पट्ट्या मारलेला पाटा बरोबर असला पाहिजे. पाटा नसला की म्हशीला शेपूट पिळून वरून उडी मारायला लावतात, आणि मोडलेले पाय बहुतेक वेळा त्या एका क्षणाचे असतात. घटसर्पाची लस निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी टोचलेली असावी, कारण प्रवासाच्या ताणाने हा आजार उसळतो. गाभण आणि फार लहान जनावरे इतरांत मिसळून नेऊ नयेत, असे नियमातही आहे.

प्रश्न : प्राण्यांशी क्रूरतेने वागल्याचा दंड ५० रुपयांवरून थेट ७५,००० रुपये होणार आणि तुरुंगवासही होणार, असे आमच्या गावात बोलले जाते. बाजारात एखादे जनावर पडून जखमी झाले तरी शेतकरी तुरुंगात जाणार का?
(राहुरी तालुक्यातील एक वाचक)

उत्तर : प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० चा आहे आणि जनावराला विनाकारण यातना होतील अशा रीतीने वाहून नेणे हा त्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. त्यासाठी पहिल्या वेळी १० ते ५० रुपये आणि तीन वर्षांच्या आत पुन्हा गुन्हा घडल्यास २५ ते १०० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अशी शिक्षा त्यात आहे. १९६० मध्ये ५० रुपयांना वजन होते. आज ते राहिलेले नाही, हे कोणीही मान्य करील.

केंद्रीय पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाने नोव्हेंबर २०२२ मध्ये या कायद्याच्या दुरुस्तीचा मसुदा प्रसिद्ध करून ७ डिसेंबर २०२२ पर्यंत हरकती व सूचना मागवल्या होत्या. तुम्ही ऐकलेला आकडा त्या मसुद्यातला आहे. जनावराला कायमचे अपंगत्व किंवा मृत्यू येईल इतक्या टोकाच्या यातना देणाऱ्या कृत्यांचा त्यात ‘निर्घृण क्रूरता’ असा वेगळा वर्ग केला असून त्यासाठी ५०,००० ते ७५,००० रुपये किंवा जनावराची किंमत यांपैकी जी रक्कम जास्त असेल ती, किंवा एक ते तीन वर्षे कैद, किंवा दोन्ही शिक्षा सुचवल्या आहेत. तहान-भूक, गैरसोय, वेदना-आजार आणि भीती यांपासून मुक्तता व नैसर्गिक वागणुकीची मोकळीक, ही जनावराची ‘पाच स्वातंत्र्ये’ जपणे हे पाळणाऱ्याचे कर्तव्य असल्याचेही त्यात म्हटले आहे. मसुदा म्हणजे कायदा नव्हे. संसदेत मंजूर होऊन अधिसूचित झाल्याशिवाय त्यातील एकही कलम तुमच्यावर लागू होत नाही.

जनावर अपघाताने पडले म्हणून शेतकरी तुरुंगात जाईल, असे त्या मसुद्याच्या शब्दांवरून म्हणता येत नाही. तरीही तुमची भीती आम्ही उडवून लावणार नाही. लंगडणारे जनावर बारा-पंधरा इतर जनावरांत भरून नेताना ते तुडवले गेले आणि मेले, तर तो अपघात की टोकाची यातना, हे ठरवताना बोट प्रथम कोणाकडे जाईल? बहुधा मागे उभ्या असलेल्या, जनावराच्या मालकाकडे. गाडी भरणारा व्यापारी तोवर पुढच्या बाजाराला गेलेला असतो. शिक्षा वाढवण्यास आमचा विरोध नाही, किंबहुना ५० रुपयांचा दंड ही जनावरांची थट्टा आहे. मात्र शिक्षेबरोबर जबाबदारीची विभागणीही कायद्यात स्पष्ट हवी. गाडीची रचना आणि भरती यांची जबाबदारी वाहनमालक व चालकाची, चढ-उताराच्या धक्क्याची जबाबदारी बाजार समितीची, आणि जनावर प्रवासायोग्य आहे की नाही ते पाहण्याची जबाबदारी विकणाऱ्याची, असे लिहिले गेले तरच नियम जनावरापर्यंत पोहोचेल. आज अनेक आठवडी बाजारांत गाडीच्या उंचीचा साधा मातीचा भरावसुद्धा नाही. पुन्हा अशा मसुद्यावर सूचना मागवल्या गेल्या, तर दूध संघांनी आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांनी नेमकी हीच मागणी लेखी कळवावी.

प्रश्न : आम्ही पाटोदा तालुक्यातून बैलगाडीने ऊसतोडीला सांगली-कोल्हापूरकडे जातो. कारखान्याच्या ट्रकमध्ये बैल, गाडीची चाके, संसार आणि पोरेबाळे एकत्रच असतात. असे नेणे नियमात बसत नाही म्हणून वाटेत गाडी अडवतील का? मग आम्ही जायचे कसे?

उत्तर : नियमात ते बसत नाही, हे खरे आहे. गुरे असलेल्या गाडीत दुसरा माल भरू नये असे १९७८ चे नियम सांगतात, आणि माणसांची मालवाहू गाडीतून अशी वाहतूक तर मोटार वाहन कायद्याच्याही विरुद्ध आहे. पण तुमच्या प्रश्नातील ‘आम्ही’ या शब्दापाशी आम्हाला थांबावे लागते, कारण येथे गाडी तुम्ही ठरवत नाही. ऊसतोडीचा करार मुकादमामार्फत होतो, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, ट्रक ज्या दिवशी येईल त्या दिवशी, बहुधा रात्री, जे आहे ते सगळे चढवून निघावे लागते. अशा वेळी नियमभंगाचा ठपका त्या बैलांच्या मालकावर ठेवणे आम्हाला अन्यायाचे वाटते.

हा प्रवास ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. चार बैल पुढे केबिनला तोंड करून आखूड दाव्याने बांधलेले असतात, त्यांच्यामागे आडवे टाकलेले जू आणि लोखंडी साटा (बैलगाडीचा सांगाडा), त्यावर पत्र्याच्या पेट्या, सरपण, कोंबड्यांचा खुराडा आणि सगळ्यांवर गोधड्या टाकून बसलेली बायका-मुले. घाटात ब्रेक लागला की साटा सरकतो आणि मागच्या पायांच्या घोट्यांवर येतो. कारखान्यावर उतरलेल्या बैलांच्या घोट्यांना आणि मानेला झालेल्या जखमा हंगामभर, जू रोज त्याच मानेवर येत असल्याने, बऱ्या होत नाहीत. बैल बसला तर त्या कुटुंबाची अख्ख्या हंगामाची कमाई बसते, उचल मात्र फिरत नाही. त्या बैलाला नीट नेणे आणि त्या कुटुंबाला नीट नेणे या दोन वेगळ्या मागण्या नाहीत.

तुम्ही करू शकाल अशा गोष्टी थोड्या आहेत, पण त्या करा. हौद्यात पाचटाचा जाड थर टाका आणि त्यावर गोणपाट अंथरा. बैलांच्या आणि सामानाच्या मध्ये लाकडी बल्ली आडवी घालून ती दोन्ही बाजूंच्या कड्यांना घट्ट बांधा, म्हणजे साटा सरकला तरी बल्लीवर अडेल. दावे इतके आखूड ठेवू नका की मान खाली नेता येणार नाही. मान सतत वर राहिली तर श्वासनलिकेतील घाण बाहेर पडत नाही आणि न्यूमोनिया होतो. शिंगाला नव्हे, मोरकीला (तोंडाभोवतीच्या दोरीला) बांधा. आणि मुकादमाशी करार करतानाच बैलांना एक गाडी आणि माणसे व सामान यांना दुसरी गाडी ही अट घाला. एकेकट्याने घालून ती मानली जाणार नाही. टोळ्यांनी मिळून घालावी लागेल. कारखान्यांच्या संचालक मंडळांना आमचे सांगणे आहे की ऊस वाहतुकीच्या खर्चाचा हिशेब पैशापर्यंत ठेवणाऱ्यांनी या एका जास्तीच्या खेपेचा खर्च स्वतःकडे घ्यावा. नवे नियम केव्हा येतील ते येतील. त्यासाठी थांबण्याचे कारण नाही.

प्रश्न : आमची मेंढरे दिवाळीनंतर माण तालुक्यातून कोकणात पायी जातात. त्यांनाही वाहतुकीचे नियम लागतात का?

उत्तर : होय. प्राण्यांच्या पायी वाहतुकीचे नियम २००१ मध्ये झाले असून मूळ ठिकाणापासून ५ किलोमीटर किंवा त्याहून अधिक अंतर असल्यास ते लागतात. शेळ्या-मेंढ्यांना दिवसाला ३० किलोमीटर, करडे-कोकरांना १६ किलोमीटर ही मर्यादा आहे. गाईंना ३०, तर म्हशींना २५ किलोमीटर आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी चालवू नये, नाळ न सुकलेले, आजारी, लंगडे, किंवा गेल्या ७२ तासांत व्यालेले जनावर चालवू नये, असेही त्यांत आहे. चरत-चरत जाणारा मेंढपाळ एवढे अंतर सहसा तोडत नाही आणि नुकतीच जन्मलेली कोकरे घोड्यावरच्या वाघुरात (जाळीत) ठेवण्याची तुमची रीत या नियमाहून जुनी आहे. निघण्यापूर्वी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून कळपाचा आरोग्य दाखला घ्या. तुमची खरी अडचण नियमापेक्षा रात्रीच्या महामार्गाची असते. रस्ता ओलांडायची ठिकाणे दिवसाउजेडी गाठा.

प्रश्न : मी कृषी महाविद्यालयाचा विद्यार्थी आहे. युरोपात तापमान ३० अंशांवर गेल्यास दिवसा जनावरे नेण्यास बंदी येणार असल्याचे वाचले. तेथील शेतकऱ्यांचा त्याला विरोध का आहे? असा नियम आपल्याकडे शक्य आहे का?

उत्तर : युरोपीय आयोगाने ७ डिसेंबर २०२३ रोजी मांडलेला तो प्रस्ताव आहे, सध्या तेथे २००५ चा नियम लागू आहे. प्रस्तावानुसार कत्तलीसाठीच्या जनावरांचा प्रवास ९ तासांपुरता मर्यादित राहील; इतर जनावरांना मध्ये एक तासाची विश्रांती धरून २१ तास, मग खाली उतरवून २४ तास विश्रांती, आणि त्यानंतर फार तर आणखी एक २१ तासांचा टप्पा. तापमानाचा अंदाज २५ ते ३० अंश असेल तर ९ तासांपर्यंतचेच प्रवास, आणि ३० अंशांच्या वर असेल तर रात्री ९ ते सकाळी १० या वेळेतच गाडी चालवायची. दूध पिणारी वासरे किमान पाच आठवड्यांची आणि ५० किलो वजनाची झाल्याशिवाय लांबच्या प्रवासाला न्यायची नाहीत.

सर्वांत जास्त खळबळ आयर्लंडमध्ये आहे, आणि तिचे कारण समजण्यासारखे आहे. तेथील गाई मुख्यतः वसंत ऋतूत, एकाच वेळी वितात. दुग्धव्यवसायाला नको असलेली नर वासरे काही आठवड्यांची असतानाच जहाजाने फ्रान्समार्गे नेदरलँड्ससारख्या देशांत पाठवली जातात. केवळ समुद्रप्रवासच सुमारे १८ तासांचा आहे. वयाची आणि वेळेची अट आली तर ही वासरे गोठ्यातच अधिक काळ सांभाळावी लागतील, त्यांना दूध, जागा आणि मजूर लागतील. आमच्या मते तेथील शेतकऱ्यांची अडचण खरी असली तरी तीन आठवड्यांच्या वासराला इतका प्रवास घडवणारी व्यवस्था टिकवणे हे तिचे उत्तर नव्हे. प्रस्तावात मुख्य तरतुदींना पाच वर्षांची संक्रमणमुदत दिली आहे, ती रास्त वाटते. आपण तेथून घेण्यासारखे काही असेल तर ही मुदत देण्याची पद्धत.

३० अंशांची अट जशीच्या तशी आणली तर विदर्भ-मराठवाड्यात मार्च ते जून, आणि ऑक्टोबरातही, दिवसा एकही गाडी हलवता येणार नाही. आणि आपल्याकडे रात्रीच्या वाहतुकीकडे संशयाने पाहिले जाते, हे वेगळेच. आपली गावरान जनावरे थंड प्रदेशातील जातींपेक्षा उष्णता अधिक सोसतात. मात्र संकरित गाई आणि म्हशी यांच्या बाबतीत दुपारच्या वेळेपुरते बंधन, ताडपत्रीऐवजी वारा खेळता ठेवणारे छप्पर आणि दर ठरावीक अंतरावर पाणी ही अट आपल्याकडे सहज घालता येईल. त्यासाठी महामार्गालगत जनावरे उतरवण्याची ठिकाणे लागतील. ट्रकचालकांना जेवायला जागोजागी ढाबे आहेत. जनावराला उतरून पाणी पिण्याची सोय आढळत नाही.

प्रश्न : वाटेत गाडी अडवल्यास कोणती कागदपत्रे दाखवावीत? अडवण्याचा अधिकार कोणाला आहे?
(अनेक वाचक)

उत्तर : खरेदीची पावती, विकणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे ओळखपत्र, पशुवैद्यकाचा दाखला, गाडीची जनावर-वाहतुकीसाठीची नोंद आणि जनावरांच्या कानातील बिल्ल्यांचे बारा अंकी क्रमांक, एवढे जवळ हवे. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही. पावतीवर बिल्ल्याचा क्रमांक आणि जनावर कशासाठी नेत आहात ते लिहून घ्या. राज्यातील प्राणी रक्षण कायद्याखाली गाय, बैल व वळू कत्तलीसाठी नेण्यास बंदी असल्याने शेतीकामाचा किंवा दुधाचा उल्लेख पावतीवर असणे उपयोगाचे ठरते.

तपासणीचा अधिकार पोलिसांना आणि कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्यांना आहे. कोणत्याही जमावाने कायदा हाती घेऊ नये आणि तसे झाल्यास सरकारने तत्काळ कारवाई करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ च्या निकालात बजावले आहे. इतर कोणी अडवल्यास वाद न घालता ११२ क्रमांकावर फोन करा. गाडीत नियमापेक्षा जास्त जनावरे असतील तर मात्र कागद पूर्ण असूनही जप्ती होऊ शकते, आणि २०१७ च्या नियमांनुसार जप्त जनावरे गोशाळेत किंवा पांजरपोळात असेतो त्यांच्या चारा-औषधाचा खर्च मालक आणि वाहनधारक यांच्याकडून वसूल केला जातो. दुभती म्हैस तेथे महिनाभर राहिली तर ती आटूनच परत येते. ट्रकमध्ये सातवी म्हैस चढवण्यापूर्वी हा खर्चही हिशेबात धरावा.